कोरी नोंदवही म्हणजे सुरक्षित वॉर्ड नव्हे

मनोरुग्णालयात चुकीचे औषध दिले गेल्याची बातमी आली की निकाल लागायला वेळ लागत नाही. सिस्टरचे लक्ष नव्हते, वरून कोणाचा वचक नव्हता. एकदोघींना निलंबित करा, वॉर्डात कॅमेरे बसवा, मॅट्रनचे राउंड वाढवा, बाकीच्या आपोआप सुतासारख्या सरळ होतील. आमच्या कोन गावात हे मत चहाच्या टपरीवर ऐकू येते. सरकारी ज्ञापनांत ते जरा शुद्ध भाषेत भेटते, एवढाच फरक. हे मत बोलायला सोपे आहे, रागाला वाट करून देणारे आहे, आणि माझ्या मते रुग्णांसाठी धोक्याचे आहे. ते का, हे मांडण्यासाठी हा लेख.

कोनला या प्रश्नाशी थेट देणेघेणे आहे. खाडीच्या अलीकडे आम्ही, पुलापलीकडे दुर्गाडी आणि कल्याण. घरातल्या कोणाचे मन बिघडले आणि खाजगी डॉक्टरांचा खर्च आवाक्याबाहेर गेला, की राजनोली नाका, मानकोली, माजिवडा करत माणसे ठाण्याला जातात. तिथले प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 सालचे, मंजूर खाटा 1850. येरवड्याच्या 2540, नागपूरच्या 940 आणि रत्नागिरीच्या 365 धरल्या, तर महाराष्ट्रातल्या या चार जुन्या सरकारी मनोरुग्णालयांवर किती माणसांचा भार आहे ते ध्यानात येईल. भिवंडीच्या मागांवर आणि गोदामांत उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेली हजारो माणसे राबतात. त्यातला एखादा भान हरपून रस्त्यावर सापडला, तर पोलीस त्याला घेऊन जातात तेव्हा बरोबर नातेवाईक नसतो, आधार कार्ड नसते, कधी नावही नसते. पुढे जे लिहिले आहे ते कोणा एका रुग्णालयावरचा आरोप नाही. मोठ्या मनोरुग्णालयाचे काम ज्या रीतीने चालते, त्याविषयी आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो मूर्खांचा नाही. त्याचे म्हणणे असे: औषध देणे हे काही शस्त्रक्रियेसारखे गुंतागुंतीचे काम नव्हे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून पाच गोष्टी घोकून घेतल्या जातात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ, योग्य मार्ग. या पाच पाळल्या की चूक होऊच शकत नाही. झाली, म्हणजे पाळल्या नाहीत. पाळल्या नाहीत, म्हणजे लक्ष नव्हते. आणि लक्ष धाकाने येते; ज्या वॉर्डात इन-चार्ज कडक, तिथे चादरी स्वच्छ, रजिस्टर अद्ययावत आणि चुकांची नोंद शून्य.

या साखळीची पहिलीच कडी कच्ची आहे. क्लोझापिनचे उदाहरण घ्या. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात हे औषध माणसाला अक्षरशः परत आणते. पण ते रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटवू शकते, म्हणून सुरुवातीचे 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. त्याचा दुसरा नियम वॉर्डाबाहेर फारसा कोणाला ठाऊक नसतो. सलग 48 तासांहून अधिक काळ औषध चुकले, तर पूर्वीची मात्रा एकदम द्यायची नसते. 12.5 मिलिग्रॅमपासून पुन्हा चढत जायचे असते. नाही तर रक्तदाब कोसळू शकतो, फिट येऊ शकते.

आता समजा, एका रुग्णाचा रात्रीचा डोस 300 मिलिग्रॅमवर बसला आहे. शुक्रवारी रात्री त्याने घेतला. शनिवारी गोळी जिभेखाली धरली आणि नंतर थुंकली. रविवारी तोंडच उघडले नाही. दोन्ही रात्री सिस्टरने ट्रीटमेंट शीटवर 'घेतली नाही' अशी खूण केली. सोमवारी रात्री दुसऱ्या सिस्टरची ड्युटी लागली. तिने शीट पाहिली, नाव विचारले, पट्टी वाचली, ठरल्या वेळी 300 मिलिग्रॅम तोंडावाटे दिले. रुग्ण योग्य, औषध योग्य, शीटवरची मात्रा योग्य, वेळ योग्य, मार्ग योग्य. पाचही खुणा बरोबर, आणि तरीही ही जीवघेणी ठरू शकणारी चूक.

ही चूक कोणाची? सोमवारच्या सिस्टरची म्हणणे सोपे आहे, कारण गोळी तिच्या हातून गेली. पण खरी चूक घडली ती ओव्हर देताना-घेताना. पाळी बदलताना जे सांगितले जाते ते गडबडीचे असते: कोणी कोणाला मारले, कोण भिंत चढत होता, कोणाला ताप आहे. जो गुपचूप बसून राहिला आणि ज्याने गोळी घेतली नाही, तो मनोरुग्णालयात बातमीचा विषयच होत नाही. शीटवरच्या दोन बारीक खुणा तिसऱ्या रात्रीपर्यंत पोहोचायच्या तर मधे कोणीतरी हवे, ज्याचे काम तीन दिवस एकत्र वाचण्याचे आहे. ते माणूस नसेल तर सोमवारच्या सिस्टरला कितीही धाक दाखवा, तिच्या डोळ्यांना शुक्रवार दिसणार नाही.

लिथियमचेही तसेच. त्याची रक्तातली उपयोगाची पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडे, साधारण 0.6 ते 1.2 मिलिमोल प्रति लिटर हा उपचाराचा पट्टा, 1.5 च्या पुढे धोका सुरू. मे महिन्यात घाम, त्यात जुलाब, त्यात अंग दुखते म्हणून कोणी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन दिले, की तीच रोजची गोळी, त्याच मात्रेत, विष होऊ लागते. हात थरथरतात, चाल डगमगते, उलट्या होतात. वरवर पाहणाऱ्याला हा हट्टीपणा वाटतो किंवा दुसऱ्या गोळीचा परिणाम. "मेंटलमधल्या गोळ्या म्हणजे झोपेच्याच ना," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी लिथियम चढलेला रुग्ण एकदा पाहावा.

राहिला 'योग्य रुग्ण'. सर्वसाधारण रुग्णालयात माणूस खाटेवर पडलेला असतो, हाताला पट्टी असते, उशाला नातेवाईक असतो. मनोरुग्णालयात रुग्ण चालते-फिरते असतात, कपडे बहुधा एकसारखे, हाताची पट्टी अनेकजण काढून टाकतात. एक नाव पुकारले की दोघे पुढे येतात, कारण गोळी घेतली की चहा मिळतो हे त्यांना माहीत असते. कधी एकही येत नाही. ज्याचे खरे नाव कोणालाच माहीत नाही, त्याला वॉर्डाने ठेवलेल्या नावाने हाक मारतात, आणि तो त्या नावाला ओ देईलच असे नाही. मी परिचारिकेची नोकरी केली आहे आणि औषधांची फेरी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. एका हातात ट्रे, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला, समोर तोंड उघडलेला रुग्ण. त्याच्या गालात गोळी राहिली नाही ना ते पाहायचे, तोवर मागून कोणी पदर ओढतो, फोन वाजतो, वॉर्डबॉय मामा सांगतात की खालच्या मजल्यावर नवीन पेशंट आला. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दोन रुग्णालयांत 98 परिचारिकांनी 4,271 वेळा औषध देताना केलेले निरीक्षण 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक वेळा परिचारिकेला मधेच थांबवले गेले होते, आणि प्रत्येक व्यत्ययागणिक चुकांचे प्रमाण सुमारे 12 टक्क्यांनी वाढत होते. ती रुग्णालये मनोरुग्णालये नव्हती. आपल्या वॉर्डात त्या फेरीत किती व्यत्यय येत असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता धाकाकडे वळू, कारण पूर्वपक्षाचा खरा प्राण तिथे आहे.

ब्रिटनमधल्या एका मनोरुग्णालयात, वृद्ध रुग्णांच्या वॉर्डांत, निरीक्षकांनी औषधांची फेरी समोर उभे राहून पाहिली. 2007 मध्ये तो अभ्यास छापून आला. औषध देण्याच्या 1,423 प्रसंगांपैकी 369 वेळा काही ना काही चूक झाली होती, म्हणजे जवळजवळ चारांतून एकदा. बहुतेक किरकोळ: परवानगी न घेता गोळी कुटून देणे, कारण नसताना डोस गाळणे, दिल्याची नोंद न करणे. पण माझ्या दृष्टीने त्या अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. या 369 पैकी रुग्णालयाच्या घटना-नोंद पद्धतीत किती चुका नोंदल्या गेल्या? एकही नाही.

ज्या अधिकाऱ्याने फक्त ती नोंद पाहिली असेल, त्याने तो वॉर्ड आदर्श ठरवला असता. आपल्याकडे नेमके हेच होते. ज्या वॉर्डाच्या रजिस्टरात चूक नाही तो चांगला, ज्यात आहे तो वाईट. मग कोणती शहाणी इन-चार्ज चूक लिहून घेईल? चूक नोंदवली की दुसऱ्या दिवशी 'खुलासा सादर करावा' असा कागद हातात पडतो, मग चौकशी, रोखलेली वेतनवाढ, सर्व्हिस बुकावरचा शेरा. न लिहिली, तर बहुतेक वेळा काहीच होत नाही, कारण बहुतेक चुकांनी रुग्ण मरत नाही. तो दिवसभर गुंगीत राहतो इतकेच, आणि मनोरुग्णालयात गुंगीत असलेल्या माणसाविषयी कोणी प्रश्न विचारत नाही. धाकाने चुका कमी होत नाहीत, चुकांची वाच्यता बंद होते. आणि जी चूक सांगितली गेली नाही ती दुरुस्त करता येत नाही: रक्तदाब मोजला जात नाही, रक्त तपासायला जात नाही, डॉक्टरला रात्री उठवले जात नाही. पहिल्या अर्ध्या तासात बोलले असते तर वाचला असता, अशा रुग्णाचा जीव धाक घेतो.

कायद्यानेही या धाकात भर घातली आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास 5 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना असे घडले तर ही मर्यादा 2 वर्षांची. पण नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक म्हणजे वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर. परिचारिकेचे नाव तिथे नसते. एकाच डोसच्या चुकीसाठी लिहिणाऱ्याला 2 वर्षांची कमाल मर्यादा आणि देणारीला 5 वर्षांची, ही विषमता कोणत्या न्यायाला धरून आहे, हे मला आजवर उमगलेले नाही. आणि आपण तिच्याकडून अपेक्षा करतो की तिने आपली चूक स्वतःहून लिहून द्यावी.

यावर प्रतिपक्ष विचारील, आणि रास्त विचारील: मग काय, बेफिकीर सिस्टरला मोकाट सोडायचे? नाही. रुग्णाला मारणारी, औषध विकणारी, न दिलेल्या गोळीपुढे दिल्याची सही करणारी, तिला शिक्षा झालीच पाहिजे. साधी चूक आणि घोर निष्काळजीपणा यांत फरक करायला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात शिकवलेलेच आहे. फौजदारी दोषासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असला पाहिजे, असा तो निर्णय. तो डॉक्टरच्या खटल्यात आला, पण त्यामागचा विवेक परिचारिकेलाही लागू व्हायला हवा. आपण करतो ते उलटे. खोटी सही करणारीचे रजिस्टर स्वच्छ असते म्हणून ती सुटते, आणि खरे लिहिणारी सापडते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

यंत्रांवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी एक घटना. अमेरिकेत नॅशव्हिल शहरातल्या एका बड्या रुग्णालयात डिसेंबर 2017 मध्ये एका नर्सने संगणकी औषध-कपाटातून शामक औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारे औषध काढले; त्या कपाटाचा इशारा डावलण्याची सोय कपाटातच होती. रुग्ण दगावला. तिने चूक लगेच कबूल केली. 2022 मध्ये तिला फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवले आणि 3 वर्षांच्या परिवीक्षेवर सोडले. जगभरच्या परिचारिकांनी त्या निकालातून घेतलेला धडा एकच: पुढच्या वेळी तोंड उघडू नका. कॅमेऱ्याचेही तेच. कॅमेऱ्याला हात दिसतो, हातातले मिलिग्रॅम दिसत नाहीत.

खंडन झाले. आता देखरेख नकोच, असे मी म्हणते का? मुळीच नाही. माझे म्हणणे असे की आज जिला देखरेख म्हणतात ती देखरेखच नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1859 च्या आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात व्यवस्थापनावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्याचा गाभा असा, की प्रमुख असणे म्हणजे आपण हजर असताना जे होते ते आपण नसतानाही होईल अशी तजवीज करणे. आपल्या वॉर्डाच्या परिसेविकेचा, म्हणजे इन-चार्ज सिस्टरचा, दिवस या कसोटीवर पाहा. चादरींचा हिशेब, औषधांचा इंडेंट, आहाराचे तक्ते, साठा नोंदवही, मोडक्या खाटांचे निर्लेखन, पोलिसांचे आणि कोर्टाचे कागद, बैठका. एका रुग्णालयात मी पाहिले आहे की सकाळच्या औषधांची वेळ झाली की नेमकी त्याच वेळी इन-चार्जला कार्यालयातून बोलावणे यायचे, साठ्याचा मेळ घालायला. वॉर्डातली सर्वांत अनुभवी बाई, जिला प्रत्येक रुग्ण चेहऱ्याने ओळखता येतो, ती सर्वांत धोक्याच्या तासाला टेबलापाशी आकडे लिहीत बसायची, आणि ट्रे असायचा दोन महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या मुलीच्या हातात.

त्या मुलीला दोष देण्याआधी आणखी एक गोष्ट. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये 'मानसिक आरोग्य परिचारिका' या व्याख्येत मनोविकृती परिचर्येची पदविकाधारकही बसते आणि सर्वसाधारण नर्सिंगची पदविका किंवा पदवी असलेलीही. व्यवहाराच्या दृष्टीने ते ठीकच आहे, नाही तर पदे भरणार कशी? पण याचा अर्थ असा की क्लोझापिनचे 48 तास आणि लिथियमची थरथर ही विद्या तिला वॉर्डातच मिळायला हवी, आणि देणारी एकच व्यक्ती आहे: परिसेविका. देखरेखीचा अर्ध्याहून मोठा भाग शिकवणे हा आहे. फेरीत शेजारी उभे राहून "याचे हात कालपासून असे का हलतायत, विचारलेस का डॉक्टरांना?" एवढा एक प्रश्न विचारणे हे दहा मेमोंपेक्षा मोठे काम आहे.

इथे मला आपल्याच बाजूच्या काहींशीही असहमती नोंदवली पाहिजे. परिचारिकांच्या संघटना म्हणतात, प्रश्न फक्त रिक्त पदांचा आहे; पदे भरा, चुका थांबतील. पदे भरलीच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण दुप्पट माणसे आणली आणि ओव्हर तशीच घाईची, इन-चार्ज तशीच टेबलाला बांधलेली राहिली, तर शुक्रवारची गोष्ट सोमवारपर्यंत तेव्हाही पोहोचणार नाही.

मनुष्यबळाच्या कमतरतेचे एक रूप मात्र मला फार अस्वस्थ करते. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 97 सांगते की रुग्णाला बांधणे ही शिक्षा असू शकत नाही, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येणार नाही. बांधल्याची प्रत्येक घटना दर महिन्याला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायची आहे. उत्तम कायदा. पण कलम शरीर बांधण्याविषयी बोलते. रात्री साठ रुग्णांमागे एक सिस्टर असताना शीटवर आधीच लिहून ठेवलेल्या 'एसओएस', म्हणजे 'गरज पडल्यास', आदेशाच्या आधारे हॅलोपेरिडॉल आणि फेनरगनचे इंजेक्शन दिले, की माणूस दोरीशिवाय बांधला जातो. ते इंजेक्शन रुग्णाच्या गरजेने दिले की वॉर्डाच्या गरजेने? औषधाच्या चुकीच्या कोणत्याच व्याख्येत हे बसत नाही, कारण आदेश आहे, मात्रा बरोबर आहे, सही आहे. माझ्या मते ही मनोरुग्णालयातली सर्वांत नेहमीची औषध-चूक आहे आणि ती कोणीच मोजत नाही. जी परिसेविका महिन्याच्या शेवटी 'एसओएस' इंजेक्शने मोजून, कोणत्या पाळीत आणि किती कर्मचारी असताना ती दिली गेली हे अधिसेविकेपुढे, म्हणजे मॅट्रनपुढे, ठेवील, ती खरी देखरेख करते आहे असे मी मानीन.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2017 मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी 5 वर्षांत निम्म्यावर आणण्याची हाक दिली. आपल्या केंद्र सरकारनेही 2018 ते 2025 साठी रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा काढला, त्यात चुका कळवण्याची आणि त्यांतून शिकण्याची पद्धत उभारण्याची भाषा आहे. भाषा वॉर्डापर्यंत यायला काय लागते? फार नाही. औषधांच्या फेरीच्या तासाला परिसेविकेला कोणत्याही कार्यालयीन कामासाठी बोलावू नये, असा एक लेखी आदेश. ओव्हरमध्ये 'कोणी काय घेतले नाही' हा प्रश्न सक्तीचा. चूक 24 तासांत स्वतःहून सांगणारीवर त्या चुकीसाठी शिस्तभंगाची कारवाई नाही, अशी हमी. खोटी नोंद सापडली तर दुप्पट कठोर कारवाई. आणि कलम 97 खाली बांधल्याच्या घटना मंडळाकडे जातात, तशाच औषधांच्या चुका आणि 'एसओएस' इंजेक्शनेही नावे वगळून दर महिन्याला जाव्यात. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने मनावर घेतले तर यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही.

कोनमधल्या आणि आसपासच्या गावांतल्या घरांनाही सांगायचे आहे. तुमचा माणूस घरी सोडताना पुढच्या उपचाराची आखणी करून देणे रुग्णालयावर मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 98 प्रमाणे बंधनकारक आहे. कागद न घेता निघू नका. कोणती गोळी कशासाठी, चुकली तर काय करायचे, अंगदुखीला कोणती गोळी चालणार नाही, हे सिस्टरला विचारा आणि मराठीत लिहून घ्या. उपचाराची कागदपत्रे मागण्याचा हक्क कलम 25 ने दिला आहे, तक्रारीचा कलम 28 ने. तक्रार जरूर करा. पण तक्रारीत 'सिस्टरला निलंबित करा' हे पहिले वाक्य लिहू नका. त्या रात्री त्या वॉर्डात किती रुग्ण होते, किती सिस्टर होत्या आणि इन-चार्ज कुठे होती, हे आधी विचारा, आणि उत्तर लेखी मागा.